त्सुनामीची डॉक्युमेंटरी बघून खूप रडले, रडल्यावर बरं वाटलं, आणि आता त्याचीच लाज वाटतेय. असं बघावं का?

अवनी_प

परवा रात्री मी आणि माझी लेक (वय ११) जपानच्या २०११ च्या त्सुनामीवरची एक डॉक्युमेंटरी बघत बसलो. तिला शाळेत भूकंपाचा धडा चालू आहे म्हणून मीच म्हटलं चल बघू, मला वाटलं प्लेट्स कशा सरकतात वगैरे दाखवतील. तसं काही नव्हतंच. सगळं लोकांनी टेकडीवरून, गच्चीवरून आपापल्या कॅमेऱ्यावर घेतलेलं शूटिंग, निवेदन जवळपास नाहीच, नुसते आवाज.

एक सीन डोक्यातून जात नाहीये. कॅमेरा उंचावर आहे, खाली रस्त्यावर एक माणूस पिशवी घेऊन चालतोय, सावकाश, आपण भाजी घेऊन येतो तसा, आणि मागच्या वळणावरून काळं पाणी येतंय ते आपल्याला दिसतंय आणि त्याला दिसत नाहीये. वरचे लोक जिवाच्या आकांताने ओरडतायत. लेकीने माझा दंड धरला आणि विचारलं, "आई, तो पळत का नाहीये?" तिथे मी जी रडायला लागले ते संपेपर्यंत थांबलेच नाही. ती पण रडली.

आणि मग काय झालं, तर तोंड धुतलं, पाणी प्यायले, हलकं हलकं वाटलं आणि मला कितीतरी दिवसांनी गाढ झोप लागली. सकाळी उठून ते आठवलं आणि मला स्वतःचीच लाज वाटली. म्हणजे त्या माणसाचं पुढे काय झालं मला माहिती नाही, त्याचं नाव माहिती नाही, आणि त्याच्या शेवटच्या मिनिटावर मी माझं मन मोकळं करून घेतलं, आठवडाभराचं ऑफिसचं जे साचलं होतं ते सगळं त्यात वाहून गेलं.

दुसरी गोष्ट जास्त टोचतेय. माझं आजोळ औसा तालुक्यातलं, किल्लारी त्याच तालुक्यात. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात माझ्या आईच्या चुलत घरातली माणसं गेली. मी चार वर्षांची होते. हे मी लहानपणापासून ऐकतेय आणि त्यांच्यासाठी मी एकदाही रडलेले नाहीये. एकदाही नाही. कारण बघायला काही नाही, शूटिंग नाही. म्हणजे माझे अश्रू कॅमेरा जिथे असेल तिथेच जातात का?

माझं मत सांगते, अशा डॉक्युमेंटरी बघू नयेत. आपण त्याला संवेदना म्हणतो पण ती आपलीच सोय असते. तुम्हाला काय वाटतं?

स्पष्टच_बोलतो

अजिबात पटलं नाही. रडू आलं म्हणजे माणूस म्हणून जागी आहेस, त्यात लाज कसली? आपल्याकडे देवळात कीर्तनाला हरिश्चंद्र-तारामतीचं आख्यान लागलं की आख्खा गाव डोळ्याला पदर लावायचा, रोहिदास मेला तिथे तर म्हाताऱ्या बायका हंबरडा फोडायच्या, आणि घरी जाऊन त्यांनाही हलकंच वाटत असणार. माझी आजी म्हणायची बुवांनी आज पोट भरून रडवलं. तिने कधी विचार केला नाही की मी तारामतीचा फायदा घेतला का. दुसऱ्याच्या दुःखात आपलं दुःख मिसळतंच, सगळ्यांचं मिसळतं, म्हणून तर ते कळतं.

आणि बघू नये म्हणणं सोपं आहे. बघितलं नाही तर ती माणसं आपल्यासाठी नुसता आकडा राहतात. जवळपास १६ हजार मृत, वर अडीच हजार बेपत्ता. वाचून झालं, पान उलटलं. तो पिशवीवाला माणूस तुला रविवारीपण आठवतोय ते त्या शूटिंगमुळेच ना.

चिखलवाट

तारामती कथेतली आहे हो. हा खरा माणूस आहे आणि त्याची बायको किंवा पोरगी कुठेतरी जिवंत असेल. एवढा फरक तरी धरा.

मी चिपळूणची. २२ जुलै २०२१. पहाटे पाणी चढायला लागलं ते आमच्या तळमजल्यावर छताला दोन वीत कमी एवढं आलं. आम्ही पाच जणं पोटमाळ्यावर, सासूबाईंना गुडघ्याचा त्रास, त्यांना लोखंडी शिडीवरून कसं वर घेतलं ते आज सांगता येणार नाही. लाईट नाही, फोन बंद, आणि खाली अंधारात आपलीच भांडी, आपलाच फ्रीज पाण्यात भिंतीला धडका देतोय तो आवाज. तो धप्प धप्प आवाज मला अजून झोपेत येतो.

त्सुनामीचं काय, कुठल्याच पाण्याचं शूटिंग मी बघू शकत नाही. टीव्हीवर पुराची बातमी लागली की मुलगा न सांगता चॅनल बदलतो. आणि मला खरं सांगायचंय, बघणाऱ्यांना कळतं असं वाटतं पण कळत नाही. पडद्यावरच्या पाण्याला वास नसतो. आमच्या घरात पाणी गेल्यावर जो गाळ राहिला त्यात डिझेल, गटार, दुकानांतलं कुजलेलं धान्य सगळं होतं, पंधरा दिवस उपसत होतो, अजून पावसाळ्यात भिंतीला ओल धरली की तोच वास येतो. हे कुठल्या डॉक्युमेंटरीत येणार?

पाणी ओसरल्यावर मदत करायला खूप लोक आले, त्यांचे उपकार जन्मभर विसरणार नाही, कुठून कुठून पोरं फावडी घेऊन आली होती. पण काही लोक नुसते गाड्या घेऊन बघायला पण आले. बाजारपेठेतून हळूहळू गाडी चालवत काच खाली करून व्हिडिओ घेत होते. त्यातली एक बाई आमच्या दारातला चिखलात भिजलेला लग्नाचा अल्बम बघून रडली. मला तिचं रडणं नको होतं. मला त्या वेळी कोरडा टॉवेल हवा होता.

अवनी, तुझं म्हणणं मला शंभर टक्के पटलं.

कॅमेऱ्यामागून

मी हे वाचून गप्प बसणार होतो पण बसवत नाही. मी बरीच वर्षं न्यूज कॅमेरामन होतो, चॅनलचं नाव महत्त्वाचं नाही. जुलै २०२३ ला इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तिथे शूटिंगला होतो. पायथ्यापासून वर चढून जायला वाट अशी नाहीच, धो धो पाऊस, मशीन वर नेता येत नाही, एनडीआरएफची पोरं आणि आजूबाजूच्या वाड्यांमधली ठाकर मंडळी हाताने, कुदळीने माती काढतायत. चार दिवसांनी शोध थांबवला, ५७ माणसं बेपत्ता म्हणूनच राहिली. त्या मातीतच.

चिखलवाटताई, तुमचा राग बरोबर आहे. आमच्यातल्या काहींनी तिथे जे केलं ते मी बघितलंय. पायथ्याला बसलेल्या, घरातली सगळी गेलेल्या पोराच्या तोंडापुढे माईक धरून "काय वाटतंय" विचारणारे मी बघितलेत आणि त्या वेळी माझा कॅमेरा चालू होता, मी बंद केला नाही. तो माझा गुन्हा आहे, मी धरून चालतो.

पण कॅमेराच नको म्हणाल तर सांगा, इर्शाळवाडी मुंबईपासून किती लांब आहे? तरी ती घटना होईपर्यंत त्या वाडीचं नाव किती जणांनी ऐकलं होतं? २०१४ ला माळीण गाव दरडीखाली गेलं ते आधी कळलं कोणाला, तर रोजच्या एसटीच्या ड्रायव्हरला, बस घेऊन गेला तर समोर गावच नाही. १५१ माणसं. तिथे चित्रं गेली नसती तर दोन दिवस पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्या असत्या. मदत चित्राच्या मागून येते. हे वाईट आहे पण असंच आहे.

आणि एक जुनं उदाहरण, आमच्या धंद्यात सगळ्यांना माहिती असलेलं. १९८५, कोलंबियातलं आर्मेरो गाव. नेवाडो देल रुईझ ज्वालामुखीच्या उद्रेकाने वरचं बर्फ वितळलं आणि रात्रीत चिखलाचा लोंढा गावावर, २० हजारांच्या वर माणसं गेली. ओमायरा सांचेझ नावाची १३ वर्षांची मुलगी आपल्याच घराच्या ढिगाऱ्यात पाण्यात अडकली, जवळपास साठ तास. फ्रँक फोर्निए या फोटोग्राफरने तिचा शेवटच्या तासांतला फोटो काढला. तिला वाचवायला साधा पाण्याचा चांगला पंप वेळेत मिळाला नाही. जगभर लोकांनी फोर्निएला गिधाड म्हटलं. पण त्या फोटोमुळेच लोकांनी सरकारला विचारलं ना की धोक्याचा नकाशा महिनाभर आधी तयार होता तर गाव रिकामं का नाही केलं.

चिखलवाट

मग उत्तर मिळालं का? त्या पोरीला पंप मिळाला का? फोटोला बक्षीस मिळालं एवढं मला माहिती आहे.

कॅमेऱ्यामागून

तिला नाही मिळाला. मिळाला असं मी म्हणतच नाहीये. पुढच्यांना मिळावा म्हणून ते असतं.

मीरा_समुपदेशक

मी शाळांमध्ये मुलांसोबत काम करते म्हणून थोडं वेगळ्या बाजूने लिहिते. अवनी, रडल्यावर हलकं वाटणं हे शरीराचं काम आहे, ते तू ठरवून केलेलं नाहीस, त्याची लाज धरू नकोस. पण अकरा वर्षांच्या मुलीबरोबर ते बघणं, आणि तेही झोपायच्या आधी, हे मी टाळलं असतं. तू मुद्दाम केलं नाहीस हे कळतंय.

लहान मुलांना एक अडचण असते, तेच शूटिंग परत परत दाखवलं तर अगदी लहानांना ते पुन्हा पुन्हा घडतंय असं वाटतं. तुझी लेक त्यापेक्षा मोठी आहे, पण तिचा प्रश्न बघ, "तो पळत का नाहीये." तो प्रश्न अजून तसाच लटकलेला आहे तिच्या मनात. रडून तुझं संपलं, तिचं नसेल संपलं. तिच्याशी बोल.

मोठ्यांनाही मर्यादा आहे बरं का. २०१३ च्या बोस्टन मॅरेथॉनमधल्या बॉम्बस्फोटानंतर अमेरिकेत एक अभ्यास झाला होता, त्यात असं दिसलं की जे लोक पुढचा आठवडाभर रोज सहा किंवा जास्त तास त्या बातम्या बघत बसले त्यांनी प्रत्यक्ष तिथे असलेल्या लोकांपेक्षाही जास्त तणाव सांगितला. ती नैसर्गिक आपत्ती नव्हती हे मान्य, पण बघण्याचा परिणाम होतो एवढं कळतं. त्यामुळे "बघावंच" वाल्यांनी किती आणि कधी हे पण सांगावं.

स्पष्टच_बोलतो

दीड तासाची डॉक्युमेंटरी आणि आठवडाभर रोज सहा तास यात फरक आहे ताई. आणि मुलांना कधीतरी कळायलाच हवं ना. आपण मुलांना मरणापासून इतकं लपवतो की नंतर घरातलं कोणी गेलं की त्यांना काही सुचत नाही. आमच्या वेळी मयत घरातूनच निघायची आणि पोरं दारात उभी असायची.

मीरा_समुपदेशक

दारात उभ्या पोराच्या डोक्यावर तेव्हा कोणाचा तरी हात असायचा. मी तेवढंच मागतेय.

खण_माळवद

रोज वाचतो, लिहीत नाही कधी. आज लिहितो. टायपिंग चुकलं तर सांभाळून घ्या.

मी त्या किल्लारीच्या भूकंपातला. सास्तूरच्या बाजूचं गाव आमचं. तेव्हा नऊ वर्षांचा होतो. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती शिरवून गावातली लोकं उशिरा झोपली, दमलेली. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. मी आणि माझा मोठा भाऊ शेतात आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, झोपलो होतो कारण आज्याला सोबत हवी होती म्हणून वाचलो. घरातली आई वाचली, ती कशी वाचली ते तिलाच माहिती. बाकीची नाही. त्यावर जास्त लिहीत नाही.

तुम्ही सगळे बघावं का नाही यावर भांडताय. मी बघतो. त्सुनामीचं बघतो, नेपाळचा २०१५ चा भूकंप बघतो, तुर्कस्तानचा २०२३ चा बघितला, रात्री बायको-पोरं झोपल्यावर एकटाच बघतो. बायकोला वाटायचं मी स्वतःला छळून घेतो. तसं नाही. कारण सांगतो. आम्हाला आमचा भूकंप दिसलाच नाही. काळाकुट्ट अंधार होता. आवाज आला, ट्रक अंगावर आल्यासारखा, जमीन हलली, आणि उजाडलं तर गाव नव्हतं, नुसती धूळ आणि दगडाचे ढीग आणि मधी मधी काही घरांचे लाकडाचे खांब तसेच उभे. मधलं काहीच बघितलं नाही आम्ही. ज्यानं माझी माणसं नेली ते दिसतं कसं ते मला माहिती नव्हतं. वीस वर्षं मी मनात तेच जुळवत बसायचो की भिंत आधी पडली का माळवद, म्हणजे वरचं मातीचं छत, आधी आलं. नेपाळच्या व्हिडिओत एक दगडमातीचं घर पडताना पहिल्यांदा बघितलं, किती सेकंद लागतात ते बघितलं. पाच-सहा सेकंद. तवा मला कळलं की त्यांना उठायला पण टाइम मिळाला नसेल. मला त्यानं बरं वाटलं. आता ही माझी सोय म्हणा नाहीतर काही म्हणा.

मी रडत नाही बघताना. एकदाच रडलो, तुर्कस्तानात एक बाप ढिगाऱ्यातून बाहेर आलेला पोरीचा हात धरून बसला होता तो फोटो बघून.

चिखलवाटताई, तुमचं बरोबर आहे, पण तुम्हाला बघायला आले तरी. आमच्याकडं पण आले होते, मोठे लोक आले, मिलिटरी आली, कपड्याचे ट्रक आले, नंतर पाऊस आला आणि घराच्याच लाकडांवर एकेका चितेवर किती जणांना ठेवलं त्याची मोजदाद नाही. ५२ गावं नव्यानं वसवली. जमिनीप्रमाणे कोणाला २५० चौरस फुटाचं घर, कोणाला ४००, कोणाला ७५०. आमच्यासारखी कितीतरी पोरं शिकायला पुण्याला नेली, भारतीय जैन संघटनेनं नेली, १२०० पोरं, त्यात माझे दोन वर्गमित्र. हे सगळं झालं. पण मी आता पुण्यात नोकरी करतो आणि ऑफिसातल्या पंचविशीतल्या पोराला किल्लारी म्हणलं तर त्याला काही माहिती नसतं. त्सुनामी माहिती असते. त्यानं बघितलेली असते ना.

म्हणून अवनीताई, तुम्ही बघू नका म्हणता ते मला पटलं नाही. तुम्ही आमच्यासाठी रडला नाहीत याचं वाईट वाटून घेऊ नका. पण तुमच्या आईला कधी विचारलं का, गेले ते कोण होते?

अवनी_प

दादा, तुम्ही लिहिलेलं तीन वेळा वाचलं. नाही विचारलं. नावं माहिती नाहीत मला.

भूशास्त्र_नाद

खण_माळवद यांनी घराचं लिहिलं त्यात थोडी भर. किल्लारीचा भूकंप ६.२ तीव्रतेचा, जपानचा ९ च्या घरातला, म्हणजे ऊर्जेच्या हिशेबाने हजारो पट मोठा. तरी किल्लारीला आठ ते दहा हजार माणसं गेली, याचं कारण त्या भिंती. दोन-दोन अडीच-अडीच फूट जाड, गोटे मातीत रचलेले, आतला थर आणि बाहेरचा थर यांना बांधणारे आडवे जोडदगड नाहीत, आणि वर उन्हापासून गारवा म्हणून फूट-दोन फूट मातीचं माळवद. भिंतीचे दोन पदर सुटले की दगड थेट झोपलेल्या माणसावर. आणि तो भाग तेव्हा नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या झोनमध्ये होता. खरं तर वर्षभर आधी, १९९२ मध्ये तिथे धक्के बसत होते, लोक घाबरून बाहेर झोपत होते. मग कंटाळून परत घरात गेले.

मला डॉक्युमेंटरीत हे हवं असतं. लाट सगळे दाखवतात, ढिगारा सगळे दाखवतात, जोडदगड कोणी दाखवत नाही. रडू येतं ते ठीक पण रडून उठलेल्या माणसाला आपल्या घराचा स्लॅब कोणी टाकला हे विचारावंसं वाटलं पाहिजे.

सेंदाईकर

नमस्कार, मी मूळचा सातारचा, बारा वर्षं झाली जपानमध्ये सेंदाईला आहे, म्हणजे त्सुनामीनंतर आलो, पण ऑफिसातले निम्मे लोक त्यातले आहेत. इकडचं सांगतो कारण तुमचा हा वाद इथे गावागावात खरोखरचा झालाय.

पहिलं, इथे टीव्हीवर त्सुनामीचं जुनं शूटिंग दाखवायचं असेल तर आधी सूचना देतात की आता लाटेची दृश्यं येणार आहेत. ज्याला नको त्याने नजर वळवावी किंवा टीव्ही बंद करावा. माझे एक सहकारी, वयाने मोठे, दर मार्चला आठवडाभर घरातला टीव्हीच लावत नाहीत. त्यांच्याशी मी कधी यावर बोललो नाही आणि बोलणार नाही.

दुसरं, मिनामीसानरिकु नावाचं गाव आहे किनाऱ्यावर. तिथे आपत्ती नियंत्रणाची तीन मजली इमारत होती. एंडो मिकी नावाची २४ वर्षांची कर्मचारी तिथून लाउडस्पीकरवर शेवटपर्यंत सांगत राहिली की उंचावर जा, उंचावर जा. लाट छताच्याही वरून गेली. ती गेली, बरोबरचे चाळीसहून जास्त लोक गेले. आता त्या इमारतीचा नुसता लाल लोखंडी सांगाडा उभा आहे. तो ठेवायचा का पाडायचा यावर त्या छोट्याशा गावात कित्येक वर्षं वाद चालला. काही घरचे म्हणायचे रोज बाजाराला जाताना ते बघवत नाही, पाडा. काही घरचे म्हणायचे पाडला तर आमचं माणूस दुसऱ्यांदा जाईल. दोन्हीकडे ज्यांचं गेलंय तीच माणसं. त्यामुळे इथे स्पष्टच_बोलतो आणि चिखलवाटताई भांडतायत त्यात कोण संवेदनशील आणि कोण नाही असं काही मला करता येत नाही.

तिसरं, अवनीताईंच्या लेकीचा प्रश्न. तो पळत का नाहीये. त्याचं उत्तर इशिनोमाकीच्या ओकावा शाळेत आहे. मी दोनदा गेलोय. शाळा समुद्रापासून जवळजवळ चार किलोमीटर आत, नदीकाठी. दुपारी २.४६ ला भूकंप झाला, शिक्षकांनी मुलांना शिस्तीत मैदानात आणून उभं केलं. लाट आली ३.३७ च्या सुमारास. म्हणजे जवळजवळ एकावन्न मिनिटं मुलं मैदानात होती. शाळेच्या मागे टेकडी आहे, अगदी लागून, मुलं तिथे मशरूमची लागवड करायला जायची, मी स्वतः चढून बघितली, दोन मिनिटं पण लागत नाहीत. काही मुलं म्हणत होती वर जाऊ या. मोठ्यांचा निर्णय होत नव्हता, शेवटी टेकडी सोडून नदीच्या पुलाकडे निघाले. ७४ मुलं आणि १० शिक्षक गेले. आईबापांनी कोर्टात केस केली, २०१९ ला सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन जिंकले. त्यांना पैसे नको होते, ती एकावन्न मिनिटं काय झालं ते हवं होतं.

तीच त्सुनामी, कामाइशीत मात्र मुलं वाचली. तिथे काताडा नावाच्या प्राध्यापकांनी वर्षानुवर्षं शाळांमधून शिकवलं होतं की नकाशावर विश्वास ठेवू नका, कोणाची वाट बघू नका, पळा. हायस्कूलची मुलं पळाली, त्यांना बघून प्राथमिकची पळाली, मोठ्यांनी लहानांचे हात धरले, पहिल्या जागी थांबले, तिथून आणखी वर गेले. शहरातली जवळपास तीन हजार शाळकरी मुलं वाचली.

तो पिशवीवाला माणूस पळत नव्हता कारण खालून लाट दिसत नाही. एवढंच. टेकडीवरून दिसते. त्याला कदाचित वाटलं असेल भिंत आहे समुद्राला, आधी पण इशारे आलेत, काही होत नाही.

चिखलवाट

हे वाचून हात थंड पडले. आमच्याकडेपण रात्री फोन आला होता दिराचा की नदी वाढतेय, आणि आम्ही म्हणालो २००५ ला आलं होतं त्याच्या वर काय येणार. गाडी तेवढी वरच्या रस्त्याला लावली आणि झोपलो.

हे मी आजपर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं. सासूबाई नंतर वर्षभरात गेल्या, त्यानंतर तर नाहीच.

स्पष्टच_बोलतो

ताई, मी वर जरा जोरात बोललो, राग मानू नका. तुमच्यासमोर तारामतीचं उदाहरण द्यायला नको होतं. माझं मत तेच आहे की बघितलं पाहिजे, पण तुम्ही बघितलं पाहिजे असं मी म्हणत नाही. ज्यांनी भोगलंय त्यांनी नाही, ज्यांना माहिती नाही त्यांनी.

खण_माळवद

मी भोगलंय आणि मी बघतो. असं ठरवून नका टाकू कोणासाठी.

स्पष्टच_बोलतो

बरोबर. मागे घेतो.

कॅमेऱ्यामागून

ती एकावन्न मिनिटं. मी पंधरा-सोळा वर्षं शूटिंग केलं, नेहमी नंतर पोचलो. आधीचं शूट करायला कोणी पाठवत नाही. इर्शाळवाडीला मी पाऊस, चिखल, माती काढणारे हात, सगळं घेतलं. वाचलेल्या एका म्हाताऱ्याला मी एवढंच विचारायला पाहिजे होतं की बाबा, त्या दिवशी संध्याकाळी तुम्ही काय काय बघितलं, डोंगरावरून माती कधी यायला लागली, पाणी गढूळ कधी झालं. ते विचारलं नाही. रडतानाचा क्लोजअप घेतला.

अवनी_प

चार दिवसांनी लिहितेय. मधे लेकीशी बोलले. तिला सेंदाईकरांनी लिहिलेलं कामाइशीचं सांगितलं, ओकावाचं आत्ता सांगितलं नाही, मीराताईंचं ऐकलं. ती म्हणाली म्हणजे तो माणूस वेडा नव्हता, त्याला दिसत नव्हतं. मग म्हणाली आपल्या शाळेमागे टेकडी नाहीये. मग स्वतःच म्हणाली पण आपल्याकडे समुद्र पण नाहीये, आपल्याकडे काय येतं? आम्ही दोघी त्यावर बराच वेळ बोललो. आमच्या सोसायटीमागे नाला आहे.

माझं मत बदललं का? पूर्ण नाही. ज्या डॉक्युमेंटरीत नुसती लाटेमागून लाट आहे ती मी परत नाही बघणार, आणि लोकांनी पण बघू नये असंच मला अजून वाटतं, त्यात माणसं मरताना दिसतात आणि आपल्याला त्यांच्याबद्दल एक अक्षर कळत नाही. पण खण_माळवद दादांनी लिहिलंय ते मला कधी सुचलंच नसतं, की कोणाला ते बघायचं असतं कारण स्वतःचं दिसलं नाही. त्यांच्यासमोर मी "बघू नये" हे वाक्य नाही म्हणू शकत.

आणि आईला फोन केला. विचारलं तर आधी म्हणाली आता कशाला ते. मग गप्प. मग स्वतःच सांगायला लागली ते तासभर सांगत होती. तिची चुलत बहीण, तिच्याहून दोन वर्षांनी लहान, दोघी एकाच शाळेत. ती गौरी-गणपतीला माहेरी आली होती, तान्ह्या मुलीला घेऊन, ती तिची माहेरची पहिलीच खेप बाळंतपणानंतरची. सहाव्या-सातव्या दिवशी परत जाणार होती, भाऊ म्हणाला शिरवूनच जा, मिरवणूक बघून जा. भाऊ शेतावर होता, तो वाचला. आई म्हणाली तो नंतर कधी गणपतीत घराबाहेर पडला नाही आणि दहा वर्षांपूर्वी वारला. मुलीचं बारसं आईने बघितलं होतं, नाव तिला आठवेना. फोनवर ती ते नाव आठवायचा प्रयत्न करत राहिली आणि रडली, मी पहिल्यांदा तिला यावर रडताना ऐकलं, मी पण रडले. या वेळी हलकं वगैरे काही वाटलं नाही. त्या रात्री झोप आली नाही.

गाव तळणी.

खण_माळवद

तळणीत आमची माणसं आहेत. माझ्या आईची मावशी तिथं दिलेली होती, आईचं जाणं-येणं होतं. मी रविवारी गावाकडं चाललोय. तिला विचारतो, तिला त्या वेळच्या लेकरांची नावं पाठ आहेत, ती दरवर्षी ३० सप्टेंबरला म्हणते. घराणं कोणतं ते इथं लिहू नका, मला वेगळं कळवा.